'ओन्ली' : एका लहान शब्दाची मोठी हकीकत
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मला 'इंग्रजी कसे सुधारावे' हा विषय सुचविण्यात आला होता. विषय मोठा आहे आणि त्यावर बोलणारेही पुष्कळ आहेत. परंतु एका तासाच्या भाषणाने कोणाचे इंग्रजी सुधारत नाही, हे वर्गात रोज उभा राहणारा शिक्षक जाणतो. म्हणून चालकांच्या परवानगीने मी तो विषय आखडत आखडत एका शब्दावर आणून ठेवला आहे. तो शब्द म्हणजे 'ओन्ली'. व्याकरणात त्याला क्रियाविशेषण म्हणतात, जरी तो विशेषणाचेही काम करतो आणि प्रसंगी उभयान्वयी अव्ययाचेही.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे 'ओन्ली' माहीत नाही असा विद्यार्थी आज सापडणार नाही. नेमकी अडचण तिथेच आहे. अवघड शब्द आला म्हणजे मुले शब्दकोश उघडतात. 'ओन्ली'साठी कोण उघडणार? ओन्ली म्हणजे फक्त, संपले! पण हा शब्द बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ एक आणि ऐकणाऱ्याच्या कानातला अर्थ दुसरा, असा घोटाळा करण्यात फार पटाईत आहे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. मुलगा हुशार, बी.एस्सी. झालेला. त्याचे वडील प्राथमिक शिक्षक, आणि त्याला त्याचा मोठा अभिमान. नोकरीच्या मुलाखतीत त्याला घरची माहिती विचारली. त्याने इंग्रजीत सांगितले, "माय ग्रँडफादर वॉज अ टीचर. माय फादर इज अ टीचर ओन्ली." समोर बसलेल्या गृहस्थांनी भुवया वर करून विचारले, "व्हाय डू यू से ओन्ली?" मुलगा गोंधळला. त्याच्या मनात सरळ मराठी वाक्य होते : आजोबा शिक्षक होते, वडीलही शिक्षकच आहेत. त्या 'च'मध्ये घराण्याचा अभिमान होता. ऐकणाऱ्याला मात्र ऐकू आले : वडील काय, नुसते शिक्षक आहेत. अब्बांचे नाव ज्या शब्दाने उंच करायचे, त्याच शब्दाने ते खाली आणले गेले, आणि तेही मुलाच्या तोंडून. ही व्याकरणाची चूक म्हणून एक गुण कापून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हे.

असे का होते, ते पाहू. मराठीतला 'च' एकाच वेळी दोन कामे करतो. पहिले काम बाकीच्यांना वगळण्याचे. 'सलमालाच फॉर्म दिला' म्हणजे इतर कोणाला दिला नाही. दुसरे काम ठसा उमटविण्याचे. 'मी इथलाच आहे', 'ते घरीच आहेत', 'हाच तो रस्ता' ही वाक्ये पाहा. इथे कोणाला वगळायचे नाही. जे सांगतो त्यावर बोट ठेवायचे आहे, एवढेच. इंग्रजी 'ओन्ली'कडे यांतले पहिले काम आहे, दुसरे नाही. उलट वगळण्याच्या कामाबरोबर 'याहून जास्त काही नाही' अशी कमीपणाची छटा त्याला फार लवकर चिकटते. आपण शाळेत 'ओन्ली म्हणजे च' असे समीकरण शिकतो आणि 'च'ची दोन्ही ओझी त्या बिचाऱ्याच्या पाठीवर लादतो.

जागेचाही फरक आहे. 'च' शब्दाच्या मागे चिकटतो. 'ओन्ली' बहुधा शब्दाच्या पुढे उभा राहतो. 'कालच' या शब्दाचा आपण 'यस्टर्डे ओन्ली' करतो, कारण आपला कान 'च'ची वाट शेवटी पाहतो. हिंदी बोलणाऱ्यांचेही तसेच, कारण त्यांचा 'ही' मागूनच येतो : 'कल ही', 'यहीं'. म्हणून भारतभर इंग्रजीत 'आय ऍम हियर ओन्ली' असे ऐकू येते. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी या भारतीय 'ओन्ली'वर निबंध लिहिले आहेत, आणि त्यांनी त्याला अडाणीपणा म्हटलेले नाही. मातृभाषेची एक पक्की सवय इंग्रजीत उतरली आहे, असे त्यांचे म्हणणे.

ही सवय आपल्या घरांत तर दुप्पट पक्की आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी दखनी बोलतात. 'मैं कलइच आया', 'मैं इधरइच था' हे कोणाला शिकवावे लागत नाही. हा 'इच' उत्तरेच्या उर्दूत नाही. मराठीचा 'च' दखनीत गेला आणि त्याचा 'इच' झाला, असे अभ्यासक मानतात. मराठीकडे हा 'च' आला तो प्राकृतातून. महाराष्ट्री प्राकृतात त्याची 'च्चिअ', 'च्चेअ' अशी रूपे आढळतात. म्हणजे घरी 'इच', शाळेत 'च' आणि मुलाखतीत 'ओन्ली', असा हा एकच धागा आहे. मुलगा चुकला की त्याला मठ्ठ म्हणणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे, की तो दोन हजार वर्षांच्या जुन्या सवयीने बोलत असतो.

आता 'ओन्ली'चे मूळ. याच्या पोटात 'वन' म्हणजे एक हा आकडा लपलेला आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, एक या संख्येला 'आन' म्हणत. त्याला 'लिक' हा प्रत्यय लागून 'आनलिक' असा शब्द झाला. 'लिक' म्हणजे देह, रूप. त्यावरून 'च्यासारखा' असा अर्थ. तेव्हा 'आनलिक' म्हणजे 'एकासारखा', एकमेव. पुढे 'आन'चा 'ओन' झाला, 'लिक' झिजून 'ली' उरला आणि 'ओन्ली' तयार झाला. 'फ्रेंडली' म्हणजे मित्रासारखा, यातला 'ली' तोच. 'लाइक' हा स्वतंत्र शब्दही त्याच घरातला. या 'लिक'चा मूळचा देह हा अर्थ इंग्लंडमध्ये अजून एका ठिकाणी टिकून आहे. तेथील जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेले एक दार असते. दफनासाठी आणलेला मृतदेह त्या छपराखाली थोडा वेळ ठेवीत. त्या दाराला 'लिच गेट' म्हणतात.

चौकस विद्यार्थी इथे विचारील की सर, आकड्याचा उच्चार 'वन' आणि या शब्दाचा 'ओन्ली' असा का? प्रश्न रास्त आहे. पूर्वी 'वन'चाही उच्चार 'ओन' असाच होता. सुरुवातीचा 'व' इंग्लंडच्या काही भागांतल्या बोलीतून मागाहून आला आणि सुट्या आकड्याला चिकटला. 'ओन्ली' मात्र जुन्या उच्चारावर कायम राहिला. 'अलोन' म्हणजे 'ऑल वन', अगदी एकटा. त्यातही जुनाच उच्चार आहे. 'अटोन' म्हणजे आज प्रायश्चित्त घेणे, पण फोड केली तर 'ऍट वन', एक होणे, तुटलेले मन पुन्हा जुळणे. 'अलोन'चे डोके उडवून 'लोन' केला आणि त्यापासून १६०० च्या सुमारास 'लोन्ली' झाला. 'वन्स', 'नन', 'एनी' हे सगळे त्याच कुटुंबातले. इतकेच काय, ज्या 'अ' आणि 'ऍन' यांनी आपली मुले पाचवीपासून दहावीपर्यंत हैराण होतात, तेही त्याच 'आन'चे झिजलेले अवशेष आहेत. आणि 'इलेव्हन'? त्याचा मूळ अर्थ 'एक उरला'. दहा बोटे मोजून झाली आणि एक उरला, तो अकरा. आपल्याकडेही 'एक'पासून एकटा, एकुलता, एकमेव, एकाकी असा गोतावळा आहेच.

मूळ 'एक' हे लक्षात ठेवले म्हणजे एक नेहमीचा घोटाळा सुटतो. 'ही इज ऍन ओन्ली चाइल्ड' म्हणजे तो एकुलता एक आहे. 'ही इज ओन्ली अ चाइल्ड' म्हणजे तो अजून लहान आहे, त्याला रागावू नका. शब्द तेच आहेत. तो छोटासा 'अ' 'ओन्ली'च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढाच फरक. पहिल्या वाक्यात तो विशेषण आहे आणि दुसऱ्यात क्रियाविशेषण. इतिहासाच्या क्रमानेही विशेषण आधीचे आणि क्रियाविशेषण नंतरचे.

इंग्रजांनी 'फक्त' हा अर्थ 'एक'पासून काढला. इतर भाषांनी कोठून काढला, हे पाहण्यासारखे आहे, आणि यातले निम्मे शब्द तर आपल्या घरातलेच आहेत. उर्दूतला 'सिर्फ' अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ 'निर्भेळ, ज्यात दुसरे काही मिसळलेले नाही'. इंग्रजी 'मिअर' लॅटिनमधून आला. त्याचाही मूळ अर्थ निर्भेळ, पाणी न घातलेला. हजारो मैलांवरच्या दोन भाषांना एकच कल्पना सुचली. संस्कृत 'केवल'मध्ये एकटा आणि शुद्ध हे दोन्ही अर्थ आहेत. 'मात्र' हा मापाचा शब्द : 'मात्रा' म्हणजे माप. 'नाममात्र' म्हणजे नावापुरते.

आणि 'फक्त'? हा अरबी 'फकत'. त्यात 'फ' म्हणजे 'तर, मग' आणि 'कत' म्हणजे 'पुरे'. 'मग पुरे', एवढाच त्याचा अर्थ. फारसीच्या मार्गाने तो उर्दूत आला, तसा मराठीतही आला, आणि मराठीने त्याला जोडाक्षर करून असा काही आपलासा केला की तो परका आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. जुन्या उर्दू पत्रांच्या आणि कागदपत्रांच्या शेवटी 'फकत' लिहिण्याची रीत होती. आपल्या घरी आजोबांची पत्रे जपून ठेवलेली असतील तर काढून पाहा. 'फकत' याचा अर्थ मजकूर इथे पुरा झाला, याखाली कोणी काही लिहिल्यास ते माझे नव्हे.

हीच रीत आज चेकवर दिसते. 'अक्षरी रुपये पाच हजार फक्त' किंवा 'रुपीज फाइव्ह थाऊजंड ओन्ली'. आता मोबाईलवरून पैसे जातात हे खरे, तरी चेक आणि पावत्या संपलेल्या नाहीत. इथे 'ओन्ली' म्हणजे काही 'पाच हजारच का, दहा का नाहीत' अशी कुरकुर नव्हे. तो एक पहारेकरी आहे. 'सिक्स थाऊजंड' लिहून पुढे जागा मोकळी सोडली, तर कोणी तेथे 'नाइन हंड्रेड' लिहू शकतो. 'ओन्ली' लिहिला की दार बंद. मात्र हा पहारेकरी मागच्या दारावर आहे, पुढच्या नाही. ओळीच्या सुरुवातीला जागा सोडली तर 'सिक्स'च्या आधी 'ट्वेंटी' घुसू शकतो. म्हणून अक्षरे अगदी डावीकडून सुरू करावीत आणि शेवटी उरलेल्या जागेत रेघ ओढावी. अक्षरी रकमेला इतके जपायचे कारण कायद्यातच आहे : १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ऍक्टच्या कलम १८ प्रमाणे आकडे आणि अक्षरे यांत तफावत पडली तर अक्षरी रक्कम खरी धरायची. प्रत्यक्षात बँक असा चेक बहुधा परत करते, हा भाग वेगळा. अमेरिकेत याच जागी 'ओन्ली'ऐवजी सेंटचा अपूर्णांक, म्हणजे शून्य शून्य भागिले शंभर, असे लिहिण्याची पद्धत आहे. पहारेकरी वेगळा, काम तेच.

आता वाक्यात या शब्दाला कोठे बसवायचे, हा खरा परीक्षेचा आणि व्यवहाराचा भाग. एक साधे वाक्य घेऊ : 'द क्लार्क गेव्ह सलमा द फॉर्म यस्टर्डे'. कारकुनाने सलमाला काल फॉर्म दिला. यात 'ओन्ली' फिरवून पाहा. अगदी आरंभी ठेवला, 'ओन्ली द क्लार्क', तर कारकुनानेच दिला, दुसऱ्या कोणी नाही. एक पाऊल पुढे सरकवून 'द ओन्ली क्लार्क' केले, तर कचेरीत एकच कारकून आहे, त्याने दिला. 'गेव्ह'च्या आधी ठेवला तर त्याने फॉर्म दिला एवढेच, भरून दिला नाही की समजावून सांगितला नाही. 'ओन्ली सलमा' म्हटले तर एकट्या सलमाला मिळाला आणि बाकीच्या मुली रिकाम्या हाताने परत गेल्या. हे वाक्य तक्रारअर्जात शोभेल. 'ओन्ली द फॉर्म' म्हणजे फॉर्म दिला, माहितीपत्रक नाही. 'द ओन्ली फॉर्म' म्हणजे शेवटचा उरलेला एकच फॉर्म होता, तो सलमाला मिळाला. 'ओन्ली यस्टर्डे' म्हणजे अगदी कालच, त्याआधी नाही. सलमाला उशीर झाला असेल तर तो तिचा दोष नाही. एक शब्द सात घरे फिरला आणि प्रत्येक घरात त्याने नवी हकीकत सांगितली. वर्गात हा खेळ घेतला की मुलांना फार मजा येते. पालकांनीही घरी घेऊन पाहावा.

मराठीत हे सगळे 'च' फिरवून होते : कारकुनानेच, सलमालाच, फॉर्मच, कालच. फक्त 'दिलाच' म्हटले की अर्थ एकदम पालटतो. 'दिलाच' म्हणजे नक्की दिला, नाकारू नका. पुन्हा तेच 'च'चे दुसरे काम! इंग्रजीत 'ओन्ली गेव्ह' म्हटल्याने ते साधत नाही. तेथे 'डिड गिव्ह' म्हणावे लागते.

आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात नियम दिला आहे, की ज्या शब्दाचा अर्थ मर्यादित करायचा त्याच्या लगेच आधी 'ओन्ली' ठेवावा. नियम चांगला आहे आणि लिहिताना तो पाळावा, असे माझे मत आहे. पण मुलांनो, इंग्रजी चित्रपट पाहताना किंवा बातम्या ऐकताना तुम्हाला 'आय ओन्ली सॉ हिम यस्टर्डे' असे वाक्य ऐकू येईल. 'कालच पाहिला' असे म्हणायचे आहे आणि 'ओन्ली' मात्र क्रियापदापाशी उभा! बोलताना इंग्रज तो लवकर टाकून मोकळे होतात आणि कोणत्या शब्दावर आवाज चढतो त्यावरून अर्थ कळतो. एच. डब्ल्यू. फाऊलर या कोशकाराने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'मॉडर्न इंग्लिश युसेज' या ग्रंथात या बोलण्याच्या रीतीची बाजू घेतली आहे आणि जो तो शब्द उचलून 'योग्य' जागी नेऊन ठेवणाऱ्या पंडितांची चांगलीच हजेरी घेतली आहे. आम्हा शिक्षकांनी तो मजकूर अधूनमधून वाचावा. पण कागदाला आवाज नसतो, म्हणून लिहिताना रेन आणि मार्टिन आणि बोलताना फाऊलर, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

मग ठसा उमटवायचा असेल, दुसऱ्या कामाचा 'च' इंग्रजीत आणायचा असेल, तर काय करावे? अनेक वाटा आहेत. बोलताना नुसता आवाज चढविला तरी पुष्कळदा भागते. 'याच दिवशी'साठी 'ऑन धिस व्हेरी डे', 'इथेच'साठी 'राइट हियर'. 'रहीमनेच सांगितले'साठी 'इट वॉज रहीम हू टोल्ड मी'. आणि त्या मुलाखतीतल्या वाक्याला 'माय फादर इज अ टीचर टू' इतके साधे उत्तर होते. त्यात 'वडीलही' आले आणि कमीपणा गेला. एक मात्र सांगून ठेवतो. आपसांत 'आय ऍम कमिंग टुमॉरो ओन्ली' म्हणणाऱ्याला हसू नका. भारतात कोट्यवधी लोक तसे बोलतात आणि एकमेकांना नीट समजतात. समोरचा आपल्या 'च'ला ओळखतो की नाही, एवढे पाहायचे. ओळखत नसेल तर दुसरी वाट धरायची. पाहुणा आला की आपण भाषा बदलतोच की.

काही वापर असे आहेत की ते पाठच करावे लागतात. 'आय शॅल बी ओन्ली टू ग्लॅड टू कम' यात 'ओन्ली' कमी करीत नाही, वाढवितो. अर्थ 'मी अतिशय आनंदाने येईन'. 'ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड' यात 'ओन्ली'ने सुरुवात झाल्यामुळे क्रियापदाची उलटापालट होते. 'नॉट ओन्ली'ने वाक्य सुरू केले तरी तीच तऱ्हा. दहावीच्या मुलांना हे प्रश्न सरावाचे आहेत, त्यावर अधिक वेळ घेत नाही. तिसरा वापर गोड आहे : 'आय वुड कम, ओन्ली आय हॅव ऍन एक्झाम'. इथे 'ओन्ली' म्हणजे 'पण'. मराठीतला 'मात्र' अगदी हेच करतो. 'दोन मात्र रुपये' यात तो 'फक्त' आहे, आणि 'मी आलो असतो, मात्र परीक्षा आहे' यात तो 'पण' आहे. गंमत म्हणजे इंग्रजीतला 'बट' उलट्या दिशेने गेला आहे. जुन्या वळणाच्या इंग्रजीत 'ही इज बट अ चाइल्ड' म्हणजे 'तो फक्त लहान मूल आहे'.

शेवटी, पालकहो, तुमच्या कामाचा भाग. प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, कर्जाचे इंग्रजी कागद घरी येतात आणि आठवी-नववीतली मुलगी ते वाचून दाखविते. त्यात 'इफ' आणि 'ओन्ली इफ' असे दोन वाक्प्रयोग येतात. पहिला म्हणजे 'जर... तर', दुसरा म्हणजे 'तरच'. एका अक्षराचा फरक, पण तो फार महाग पडू शकतो. '६० टक्के गुण असतील तर प्रवेश मिळेल' हे वचन आहे. ज्याचे गुण आहेत त्याने प्रवेश मागावा. '६० टक्के गुण असतील तरच प्रवेश मिळेल' हे वचन नव्हे, ती चाळणी आहे. गुण नसणाऱ्याला दार बंद, इतकेच ते सांगते. गुण असणाऱ्याला प्रवेश मिळेलच, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. जागा कमी असतील, आणखी अटी असतील. कागद 'ओन्ली इफ' म्हणतो, आपण 'इफ' वाचतो, मुलाचे गुण बसतात म्हणून दुसरीकडे अर्जच करीत नाही, आणि मग यादीत नाव नसले की आपल्याला डावलले असे वाटते. कधी खरोखरच डावलले गेलेले असेल, त्याबद्दल जरूर विचारावे. पण विचारण्यापूर्वी त्या ओळीत 'ओन्ली' होता का, हे पाहून जावे; म्हणजे समोरचा कारकून तो कागद आपल्यापुढे सरकवणार नाही. गणिताचे विद्यार्थी 'इफ अँड ओन्ली इफ', म्हणजे 'जर आणि तरच', असे दोन्ही बाजूंनी बांधून घेतात, ते याच कारणासाठी.

हीच जोडी उलटी केली की 'इफ ओन्ली' होते, आणि अर्थ कोठल्या कोठे जातो. 'इफ ओन्ली आय हॅड अप्लाइड इन टाइम'. याला मराठीत लांबलचक वाक्य लागते : 'मी वेळेवर अर्ज केला असता तर किती बरे झाले असते!' उर्दू बोलणाऱ्यांकडे त्यासाठी एकच शब्द आहे, 'काश'. वर्गात मी 'इफ ओन्ली' फळ्यावर लिहून मराठीत समजावीत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, म्हणजे काश ना?" बाकीचे स्पष्टीकरण मी पुसून टाकले आणि तोच शब्द फळ्यावर लिहिला.

घरी आलेल्या कागदात जिथे जिथे 'ओन्ली' दिसेल, तिथे मुलांकडून पेन्सिलीने खूण करून घ्या, आणि ती ओळ आधी मराठीत 'तरच', 'फक्त' किंवा 'एकमेव' यांपैकी एक शब्द घालून मोठ्याने वाचायला सांगा. कोणता शब्द बसतो याविषयी घरात मतभेद झाला तर तो कागद शाळेत पाठवून द्या. नववीच्या इंग्रजीच्या तासाला अशी दोन-चार वाक्ये घेण्याचे आम्ही ठरविले आहे.